बद्द वाजणारी ओळ

गाणे लिहिणे सोपे, लिहिलेले गाणे दुरुस्त करणे अवघड, आणि ते दुरुस्त करायला हवे हे गीतकाराच्या तोंडावर सांगणे सर्वांत अवघड. या तिसऱ्या कामाची धाराशिव जिल्ह्यात जुनी परंपरा आहे. तेरणा नदीच्या काठी तेर नावाचे गाव आहे. तिथल्या गोरोबा कुंभारांच्या घरी, वारकरी परंपरा सांगते त्याप्रमाणे, एकदा सगळी संतमंडळी जमली. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ताबाई, नामदेव, म्हणजे त्या काळातले मराठीतले बहुतेक मोठे पदकर्ते एकाच अंगणात. मुक्ताबाईने घरधन्याला विचारले, ही कोपऱ्यात पडलेली वस्तू कसली? हे थापटणे, मडके कच्चे की पक्के ते याने कळते, असे उत्तर आले. मग इथे बसलेली मडकीही बघा की तपासून, असे ती म्हणाली. शंका काढणारी मंडळींत सर्वांत धाकटी आणि तपासणारा वयाने सर्वांत वडील, म्हणून तर त्यांना सगळे काका म्हणत. काकांनी थापटणे उचलले आणि एकेकाच्या डोक्यावर मारत निघाले. बाकीचे गप्प बसले. नामदेवांनी मात्र कुरकुर केली. पाहुण्याला बोलावून डोक्यात मारायची ही कुठली रीत? काकांनी निकाल दिला: हे मडके कच्चे.

नामदेव तडक पंढरपूरला गेले आणि विठ्ठलापुढे गाऱ्हाणे मांडले. वरच्या कोर्टाने खालच्या कोर्टाचा निकाल कायम केला, वर औंढा नागनाथला विसोबा खेचरांकडे शिकायला जाण्याचा हुकूमही दिला. नामदेव गेले, शिकले आणि पुढे लिहीत राहिले. त्या दिवशी कच्चे ठरलेले हे एकच मडके, पण त्याचा आवाज पंजाबपर्यंत गेला. शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात नामदेवांची 61 पदे आहेत. गोरोबाकाकांची समाधी 1317 सालची. ती तेरमध्येच आहे आणि चैत्र वद्यात तिथे यात्रा भरते. यात्रेला गावोगावचे भजनी आणि गीतकारही येतात, समाधीवर डोके टेकतात. डोके पुढे करण्याचा हा प्रकार आता सुरक्षित झाला आहे.

कुंभारकामाच्या अंगाने पाहिले तर या कथेत गीतलेखनाचा निम्मा अभ्यासक्रम येतो. ओल्या मडक्याला आतून दगडी गोटा लावून बाहेरून थापटतात. त्याने भिंत पातळ आणि सारखी होते. म्हणजे थापटण्याचे मूळ काम घडवण्याचे आहे. तपासणी ही त्याची जोडकामगिरी. दुसरी गोष्ट अशी की मडक्याची परीक्षा कानाने होते. भाजलेल्या मडक्यावर टिचकी मारली की पक्के खणखणते. कच्चे किंवा तडा गेलेले बद्द वाजते. आठवडी बाजारात मडके घेणारी बाई कुंभाराला घडणीचा सिद्धान्त विचारत नाही, टिचकी मारते आणि पुढच्या दुकानाकडे वळते. गाण्याची ओळही अशीच तपासली जाते. कागदावर ती कितीही डौलदार दिसो, तोंडातून निघताना बद्द वाजली तर ती बद्दच. आणि तिसरी, सर्वांत महत्त्वाची गोष्ट: जे काही थापटायचे ते आवा पेटण्याआधी. एकदा भाजून निघाल्यावर मडके सुधारत नाही, फक्त फुटते. आजच्या गीतकाराचा आवा म्हणजे स्टुडिओ. तासाचे पैसे भरून गाणे ध्वनिमुद्रित करायचे, सगळ्या नातेवाइकांच्या मोबाइलवर पाठवायचे आणि त्याखाली लिहायचे, ‘आपला अभिप्राय कळवा.’ हे भाजलेल्या मडक्याला थापटणे झाले.

अभिप्रायाची भाषा हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे, कारण या जिल्ह्यात कुणी कुणाला तोंडावर ‘वाईट’ म्हणत नाही. ‘बरं हाय की’ याचा अर्थ बरे नाही. ‘चाल लई भारी हाय’ याचा अर्थ शब्दांकडे लक्ष गेले नाही, किंवा गेले म्हणूनच चालीचे कौतुक करावे लागत आहे. ‘हे तुमीच लिहिलंय व्हय?’ हा प्रश्न दोन्ही बाजूंनी धार असलेला आहे आणि त्याला नुसते हसून उत्तर देणे शहाणपणाचे. गाणे ऐकून समोरच्याने पावसाचा विषय काढला तर वही मिटावी. ‘पुन्यांदा म्हणा की’ हा एवढाच खरा होकार. त्याहून मोठा पुरस्कार असा की ऐकणारा काहीच बोलत नाही आणि दुसऱ्या दिवशी बैल पाण्यावर नेताना तीच ओळ गुणगुणत जातो. मात्र हा पुरस्कार गीतकाराला समारंभपूर्वक देण्याची सोय नाही.

शहरी संमेलनांत याच्या उलटे घडते. 2020 च्या जानेवारीत 93 वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन याच जिल्ह्याच्या ठिकाणी भरले. अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते. उद्घाटक ना. धों. महानोर, म्हणजे ‘जैत रे जैत’ची गाणी लिहिणारा, शेतातून आलेला कवी. संमेलननगरीला नाव होते संत गोरोबाकाकांचे. कुठल्याही संमेलनात कविकट्ट्यावर शेकडो कवी रांगेत उभे असतात आणि प्रत्येक कवितेला टाळी मिळते, कारण टाळी वाजवणाऱ्यांत बहुतेक जण पुढच्या क्रमांकाचे कवी असतात. थापटण्याची आठवण जपणाऱ्या मांडवातही कविकट्ट्यावर थापटणे ठेवता येत नाही. ठेवले तर रांग उरणार नाही.

शब्द सुधारण्याची या भागातली सर्वांत कडक कार्यशाळा अंगणात नव्हती, घरातल्या जात्यावर होती. पहाटे दोघी जणी जात्याच्या खुंट्याला हात घालून समोरासमोर बसत. एकीने ओवीची पहिली ओळ सोडायची, दुसरीने ती उचलून पुढे न्यायची. यात टीका करायला वेळ नसे आणि गरजही नसे. ओळ चांगली असली तर समोरची ती उचले. नसली तर नुसती घरघर ऐकू येई. एवढा स्पष्ट अभिप्राय देणारा संपादक मराठी नियतकालिकांना अजून सापडलेला नाही. शिवाय ओवीच्या लांबीचे माप जात्याच्या फेऱ्याने आणि दळणाऱ्या बाईच्या श्वासाने ठरलेले. जोडाक्षराने दमछाक होत असेल तर ते जोडाक्षर दुसऱ्या पहाटेपर्यंत गळून पडे. ‘गं बाई’, ‘सांगते’, ‘माझ्या’ असे भरीचे शब्द मधूनमधून येत. शाळेतला शिक्षक त्यांना पादपूरणार्थ म्हणून लाल शाई लावील, पण ती श्वास घ्यायची जागा असते आणि पुढची ओळ सुचेपर्यंतची उसंतही. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी महाराष्ट्रभर हिंडून अशा लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या. त्यांतली एकच कल्पना गावागावांत थोड्या थोड्या वेगळ्या शब्दांत भेटते, म्हणजे प्रत्येक गावाने आपापली दुरुस्ती केलेली असते, आणि मूळ कर्तीने त्याबद्दल कुठे तक्रार केल्याची नोंद नाही. पुढे गावात पिठाची गिरणी आली, बायांचे मनगट सुटले आणि ही संपादन समिती बरखास्त झाली. गिरणीच्या पट्ट्याचा आवाज असा असतो की त्यापुढे कुठलीही ओळ खणखणीतच वाटते.

उरलेली समिती देवीची गाणी गाणाऱ्या आराध्यांच्या मेळ्यात भेटते. गळ्यात कवड्यांची माळ, हातात परडी आणि पोत, साथीला संबळ, तुणतुणे आणि झांज. नवरात्राच्या महिनाभर आधीपासून रात्री जेवणे उरकल्यावर देवळाच्या ओट्यावर तालीम बसते. मेळ्याला गाणी पुरवणारा बहुधा जिल्हा परिषदेच्या शाळेतला गुरुजी असतो, निदान विनोदी लेखात तरी तो असतोच. त्याचा संस्कृतशी विसाव्या वर्षी झालेला परिचय अजून ताजा असतो. तो पहिल्या रात्री वही उघडून वाचतो: ‘विद्युल्लतेसम तव मुद्रा झळके गिरिशिखरावरी.’ थोडा वेळ शांतता पसरते. मग म्होरकी बाई म्हणते, ‘गुरुजी, ह्यो शबुद तोंडात बसंना.’ गुरुजी ‘विद्युल्लता’ म्हणजे वीज असे समजावून सांगतात. ‘मग इजंवानी म्हणा की,’ असे उत्तर येते. ‘मुद्रा’ म्हणजे त्वांड, हेही ठरते. ‘झळके’चे ‘चमकं’ होते. गुरुजींचा चेहरा उतरत जातो आणि ओळ चढत जाते.

खरी अडचण मात्र ‘गिरिशिखरावरी’पाशी येते. मेळ्यातली सर्वांत म्हातारी आराधीण, जिला लिहितावाचता येत नाही, ती विचारते, ‘गुरुजी, तुमी तुळजापूरला गेला न्हवता का कधी?’ तुळजापूर बालाघाटच्या डोंगरात आहे हे खरे; पण भवानीच्या देवळात जायला पायऱ्या चढाव्या लागत नाहीत, उतराव्या लागतात. महाद्वारातून खाली, कल्लोळ तीर्थ आणि गोमुख तीर्थ मागे टाकत, निंबाळकर दरवाजातून आत. भक्त खाली उतरून आईपाशी जातो. आयुष्यभर वारी केलेल्या बाईच्या गुडघ्यांना ही माहिती पाठ असते. अलंकार चुकला तर आराधीण सोडून देईल, भूगोल चुकला तर सोडणार नाही. गुरुजींची ओळ तरीही वाया जात नाही. कळंब तालुक्यात येरमाळ्याची येडेश्वरी आहे; तिचे देऊळ टेकडीवर आहे आणि तिथे पायऱ्या चढूनच जावे लागते. तेव्हा ओळ येडाईच्या गाण्यात बदली होऊन जाते. शासकीय नोकरीत बदलीची सवय असल्याने गुरुजी ती फारशी मनाला लावून घेत नाहीत.

शब्दांना शेवटचा धक्का संबळ देते. संबळाला दोन तोंडे, एक खर्जातले आणि एक चढे. संबळवाल्याला कवितेत रस असतोच असे नाही. त्याला सम कुठे पडते एवढेच कळते, आणि तेवढे पुरते. ओळीतला महत्त्वाचा शब्द समेवर आला नाही तर तो हात थांबवत नाही, नुसती मान वाकडी करतो. मान वाकडी झाली की ओळीत मात्रा जास्त आहे किंवा कमी आहे असे समजावे. कमी मात्रांवर मेळ्यात रामबाण उपाय आहे: जिथे खड्डा पडेल तिथे ‘उदो उदो’ भरावे. भक्तीही साधते आणि तालही. पण प्रत्येक ओळीच्या शेवटी उदो आला की जाणकार ओळखतात, गीतकाराचा अभ्यास कमी पडला आहे.

मात्रांचा विषय निघाला म्हणून जिल्ह्याच्या नावाचे उदाहरण घ्यावे. 2023 मध्ये उस्मानाबादचे अधिकृत नाव धाराशिव झाले. या बदलाची चर्चा पुष्कळ झाली, पण छंदशास्त्राच्या बाजूने कुणी पाहिले नाही. ‘उस्मानाबाद’मधला उ पुढच्या जोडाक्षरामुळे गुरू होतो, मग स्मा, ना, बा हे तीन गुरू आणि शेवटी लघू द. एकूण मात्रा 9. ‘धाराशिव’मध्ये दोन गुरू, दोन लघू. एकूण मात्रा 6. जुन्या नावावर बसवलेले शाळेचे स्वागतगीत नव्या नावाने म्हटले की नेमक्या 3 मात्रा कमी पडतात. स्वागतगीत म्हणणाऱ्या मुली तोपर्यंत हात जोडून उभ्या राहिलेल्या असतात, पाहुण्यांच्या गळ्यात हार पडलेला असतो, आणि पेटीवाला तीन मात्रा एकट्याने वाजवून वेळ मारून नेतो. दुरुस्ती साधी आहे, ‘आमुचे’ हा शब्द घालायचा: दोन, एक, दोन, म्हणजे 5. आता दोन मात्रा जास्त झाल्या. ‘अमुचे’ लिहावे तर 4, तरीही एक जास्त. ‘आम्ही’ व्याकरणात बसत नाही. अशा वेळी अनुभवी गीतकार ‘या’ आणि ‘हो’ यांच्याकडे वळतो आणि नवखा गीतकार ओळच बदलतो. नवख्याचे बरोबर असते.

हा जिल्हा 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे कचेरीच्या कागदांतून आणि बाजारातल्या बोलण्यातून इथे उर्दूची सोबत राहिली. उर्दू शायरीत शब्द सुधारण्याला रीतसर नाव आहे, इस्लाह. शागिर्दाने गझल उस्तादापुढे ठेवायची, उस्तादाने शेर कापायचे, बदलायचे, कधी एकच शब्द हलवून अख्खा शेर उभा करायचा. यात कुणाला कमीपणा वाटत नाही. उलट आपल्या शेराला कुणाची इस्लाह आहे हे शागिर्द अभिमानाने सांगतो. मराठीत सुरेश भटांनी ‘गझलेची बाराखडी’ लिहून नव्या लिहिणाऱ्यांच्या हाती दिली, ती याच रीतीतून आलेली. मराठी गीतकाराला मात्र इस्लाह म्हटले की हस्तक्षेप वाटतो. कविता दाखवताना तो ‘मोकळेपणाने सांगा’ म्हणतो आणि मोकळेपणाने सांगितल्यावर दिवाळी अंकात आपली कविता कशी छापून आली होती ते सांगतो. शाहिरांनी हा तिढा जोडीने सोडवला होता. होनाजी बाळा हे एकाच माणसाचे नाव समजणारे पुष्कळ आहेत. लिहिणारा होनाजी आणि गाणारा बाळा असे ते दोघे. लिहिणाऱ्याची ओळ गाणाऱ्याच्या गळ्यातून रोज जात असेल तर वेगळी समीक्षा कशाला हवी?

घरगुती इस्लाह वेगळी. ती बायको करते. गीतकार ‘प्रिये, तुझ्या वाटेवर डोळे लावून’ असे काही वाचतो आणि भाकरी थापता थापता प्रश्न येतो, ‘ही कोण?’ इथे मुद्दा छंदाचा नसतो.

तयार चालीवर शब्द बसवणे हा सरावाचा उत्तम प्रकार, आणि बिघडण्याचाही. सिनेमाच्या गाजलेल्या चालीत देवीचे गाणे बसवताना मूळ शब्द कानात एवढे घट्ट असतात की गर्दीतून मूळच गाणे वर येते, आणि आराधी मेळ्यात भलत्याच प्रेयसीचा संचार होतो. त्याहून कठीण निवडणुकीचे प्रचारगीत. चाल ठरलेली, चिन्ह ठरलेले, उमेदवाराचे नाव आडनावासकट लांब आणि जोडाक्षरांनी भरलेले. गीतकार रात्रभर जागून ते नाव मुखड्यात बसवतो. सकाळी उमेदवाराचा अभिप्राय येतो: ‘झकास हाय, फक्त नाव अजून चारदा टाका. आन् भाऊंचं बी एकदा.’ मतदारांचा अभिप्राय पुढे मतपेटीतून येतो, पण तो गाण्यावर होता की उमेदवारावर हे वेगळे करता येत नाही. हरलेल्या उमेदवाराच्या घरी पराभव गाण्यावरच ढकलला जातो.

सरावाबद्दल शास्त्र एवढेच सांगते की तो रोज करावा. ग. दि. माडगूळकरांनी गीतरामायण लिहिले ते पुणे आकाशवाणीच्या आठवड्याच्या वेळापत्रकावर. 1955 च्या रामनवमीला सुरू होऊन वर्षभरात 56 गाणी झाली. सुधीर फडके चाल लावायला बसलेले, गाणे देणे भाग. प्रतिभा येण्याची वाट पाहायला रविवार मोकळा नव्हता. आराधी मेळ्याच्या गुरुजीला हे वेळापत्रक घटस्थापना देते. त्या दिवसापर्यंत गाणे तोंडपाठ हवे, म्हणून त्याआधी आठ दिवस शब्द पक्के हवेत, म्हणून त्याआधी पंधरा दिवस भांडणे उरकलेली हवीत.

लांबीच्या बाबतीत धडा घ्यायचा तर भूम तालुक्यातल्या खव्याच्या भट्टीवर घ्यावा. कढईत चार-पाच लिटर दूध सतत ढवळत आटवले तेव्हा कुठे किलोभर खवा पडतो. ढवळणारा क्षणभर थांबला की बुडाला लागते. नवख्या गीतकाराचे गाणे आठ अंतऱ्यांचे असते आणि आठही त्याला लेकरांसारखे प्रिय असतात. मेळ्यातली मंडळी वाद न घालता मधलेच अंतरे विसरत जातात. महिन्याभरात तीन उरतात. राहिलेले कुणी मुद्दाम काढलेले नसतात, ते वाफ होऊन गेलेले असतात. गीतकाराने त्यांचा शोध घेऊ नये. फार तर पुढच्या वर्षी एखादा नवा म्हणून परत आणावा.

पहिले नवरात्र पार पडते. दुसऱ्या वर्षी शेजारच्या गावचा मेळा तेच गाणे उचलतो आणि आपल्या बोलीप्रमाणे दोन शब्द फिरवतो. तिसऱ्या वर्षी आश्विन पौर्णिमेला तुळजापूरच्या रस्त्यावर पायी निघालेल्या गर्दीत ते गाणे ऐकू येते. गर्दीत गुरुजीही चालत असतात. ऊर भरून येतो, आणि ते आपल्या वहीतल्या मूळ शब्दांनी, विद्युल्लतेसकट, मोठ्याने सूर मिळवतात. पुढे चालणारी एक अनोळखी आजी वळून पाहते, चालता चालता त्यांच्या दंडाला हात लावून थांबवते आणि मायेने सांगते, ‘चुकतंय लेकरा तुझं. गाणं असं न्हाई.’ मग ती पहिल्यापासून नीट म्हणून दाखवते.